एकच प्रत, फाट्यापर्यंत: मल्टिकास्ट राउटिंग कधी लागतं?

आजचा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट राउटिंग खरंच कधी लागतं, आणि कधी ती नुसती डोकेदुखी असते?

आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. नागपूरच्या मावशीला लग्नाचा निरोप बिलासपूर आणि महासमुंदच्या चाळीस घरांत पोचवायचा आहे. चाळीस माणसं पाठवली, तर रायपूरपर्यंत सगळी एकाच मार्गावर गर्दी करणार. त्यापेक्षा एकच माणूस एकच पत्र घेऊन आला आणि रायपूर जंक्शनवर, जिथे रुळांना फाटा फुटतो तिथे, त्याने एक प्रत काढली, तर? एक बिलासपूरकडे, एक महासमुंदकडे. आणि महासमुंदला कुणी नातेवाईकच नसेल, तर तिकडे प्रत जाणारच नाही.

मल्टिकास्ट म्हणजे हेच. जंक्शनवर प्रत काढणारा माणूस म्हणजे आपला राउटर.

आता आकडे बघू. समजा, एका कॉलेजात तीन इमारती आणि 300 संगणक आहेत. मुख्य सभागृहातलं व्याख्यान सगळीकडे थेट दाखवायचं आहे आणि व्हिडिओ 4 एमबीपीएसचा आहे. प्रत्येकाला वेगळी प्रत, म्हणजे युनिकास्ट केलं, तर सर्व्हरमधून 1200 एमबीपीएस निघायला हवेत. एक गिगाबिटची लाइन तिथेच कोलमडली. मल्टिकास्ट केलं, तर सर्व्हरमधून निघतात फक्त 4.

हे कसं घडतं? 224.0.0.0 ते 239.255.255.255 हे पत्ते गटांसाठी राखीव आहेत. संस्थेच्या आतल्या वापरासाठी 239 ने सुरू होणारे घ्यायचे. ज्या संगणकाला व्याख्यान हवंय, तो आयजीएमपी वापरून आपल्या राउटरला सांगतो, "मला या गटात घ्या." मग राउटर आपसात पिम नावाच्या प्रोटोकॉलने ठरवतात की कुठल्या फांदीवर ऐकणारे आहेत.

पण लक्षात घ्या, सगळे संगणक एकाच सबनेटमध्ये असतील, तर राउटिंगची गरजच नाही. तिथे आयजीएमपी स्नूपिंग असलेला स्विच पुरतो. ते स्नूपिंग नसेल, तर स्विच तो व्हिडिओ प्रत्येक पोर्टवर ओततो, ज्याला नकोय त्याच्याकडेसुद्धा. राउटिंग लागतं ते पाठवणारा आणि ऐकणारे वेगवेगळ्या सबनेटमध्ये असतील तेव्हा. इथे नवशिके हमखास अडकतात. त्याच खोलीत चित्र दिसतं, शेजारच्या इमारतीत दिसत नाही. अशा वेळी आधी पाकिटाचा टीटीएल तपासा. तो 1 असेल, तर पहिल्याच राउटरवर पाकीट संपतं.

बँडविड्थ वाचते, हे झालं एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उदाहरण मुंबईचं आहे, नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं. तिथे बाजाराची क्षणाक्षणाची माहिती आधी टीसीपी जोडणीवरून एकेका सर्व्हरला क्रमाने जायची. म्हणजे रांगेत पुढे असलेल्याला आधी. मायक्रोसेकंदांवर व्यवहार होतात तिथे हा क्रम म्हणजे पैसा! 2014 मध्ये एक्स्चेंजने मल्टिकास्ट आणलं. पुढे सेबीच्या 30 एप्रिल 2019 च्या आदेशात या क्रमवार पद्धतीची चिकित्सा झाली. त्यातला 625 कोटी रुपये भरण्याचा भाग अपिलीय न्यायाधिकरणाने जानेवारी 2023 मध्ये रद्द केला. तो कायद्याचा विषय. आपण घ्यायचा धडा रचनेचा आहे: प्रत कुठे निघते, यावर कुणाला आधी मिळणार हे ठरतं. अर्थात मल्टिकास्ट आणलं म्हणजे न्याय आपोआप होत नाही. प्रत्येकाच्या वायरची लांबी आणि मधली उपकरणंही सारखी हवीत.

मग यूट्यूब मल्टिकास्ट का वापरत नाही? कारण हा भाग कुणी सकाळी बघतंय, कुणी रात्री, कुणी मध्येच थांबवून चहा घेतंय. प्रत्येकाची वेळ वेगळी, म्हणून प्रत वेगळी. शिवाय मधले राउटर अनेक कंपन्यांचे, आणि खुल्या इंटरनेटवर ते मल्टिकास्ट सहसा पुढे नेत नाहीत. स्टीव्ह डीअरिंग यांनी 1989 मध्ये आरएफसी 1112 लिहून पाया घातला, तरी ही पद्धत रुजली ती बंदिस्त नेटवर्कमध्येच.

तर मंडळी, उपकरणं विकत घेण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. माहिती सगळ्यांना एकच आहे का? त्याच क्षणी हवी आहे का? ऐकणारे पुष्कळ आणि वेगवेगळ्या सबनेटमध्ये आहेत का? मधले सगळे राउटर आपल्या ताब्यात आहेत का? चारही उत्तरं 'हो' असतील, तरच मल्टिकास्ट राउटिंगला हात घाला. आणि मल्टिकास्ट यूडीपीवर चालतं, हरवलेलं पाकीट ते आपणहून परत पाठवत नाही, एवढं विसरू नका.