टाळ हातात, लक्ष कुठे?
(पुणे मुक्कामी, भवानी पेठेतील उतरण्याच्या जागी, २१ जून २०२५ रोजी हरिपाठाआधी केलेले निरूपण)



आज योग दिवस, आणि नेमका माउलींचा अन् तुकोबारायांचा पुण्यातला मुक्काम. सकाळी विद्यापीठात वारकऱ्यांनी आसनं केली. ते ऐकून एका माळकऱ्यानं आम्हाला विचारलं, "महाराज, आपण अडीचशे किलोमीटर चालतो, आपल्याला योग कशाला?" गेल्या सालापर्यंत आम्हीही हेच म्हणत होतो.

आमचा थोरला हडपसरला राहतो, कंपनीत आहे. रात्रपाळी, गाड्यांची गर्दी, घराचा हप्ता. दिवाळीच्या आधी एका रात्री त्याची छाती धडधडायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, काळीज ठीक निघालं. म्हणाले, झोप नाही, मनाला उसंत नाही. मग त्यानं योगाचा वर्ग लावला. आम्ही गावाहून आलो, तर हा पहाटे चटईवर डोळे मिटून बसलेला. आम्ही बोलून गेलो, "घरात चार पिढ्यांचा हरिपाठ, आणि तू पैसे देऊन श्वास घ्यायला शिकतोस?" तो चिडला नाही. म्हणाला, "आबा, काल हरिपाठ म्हणताना तुम्ही दोनदा मोबाईल उचलून कांद्याचा भाव बघितला."

मंडळी, चाळीस वर्षं आम्ही कीर्तन करतोय. त्या दिवशी उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय पुन्हा काढला. माउलींची गुरुपरंपराच नाथांची, योग्यांची. आसन कसं घालावं हे त्यात माउलींनी सविस्तर सांगितलंय. फार खाणाऱ्याला योग नाही, उपाशी मरणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, रात्रभर जागणाऱ्यालाही नाही. आणि पुढं अर्जुनच तक्रार करतो की हे मन वाऱ्यासारखं, धरवत नाही. देव त्याला खोटं पाडत नाहीत. खरं आहे म्हणतात, पण अभ्यासानं आणि वैराग्यानं धरता येतं. हा अध्याय आम्ही किती वेळा लावला असेल! लोकांना सांगितला, स्वतः ऐकला नाही.

ह्याच पुण्यात १९३७ साली अय्यंगार गुरुजी योग शिकवायला आले. लहानपणी आजारांनी पार खंगलेले. पुढं त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे घेऊन म्हाताऱ्या अन् दुखऱ्या माणसालाही आसन जमेल अशी सोय केली. १९७५ साली शिवाजीनगरात त्यांची संस्था उभी राहिली, परदेशातून माणसं शिकायला येतात. म्हणून गुडघा दुखणाऱ्यांनी उगाच वाकू नये, जाणत्याकडून शिकावं. छातीत दुखलं तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

पण आम्हाला खरं कळलं ते शेतात, दारं धरताना. रात्रीची लाईट, हातात फावडं, आणि मन सोसायटीच्या कर्जात. पाणी वाफा फोडून शेजारच्या रानात. तेव्हा स्वतःला शिव्या देऊन काय उपयोग? गुपचूप माती ओढायची, पाणी परत वाफ्यात घ्यायचं. रात्रीतून दहा वेळा फुटलं तर दहा वेळा. पोरगं म्हणालं, आबा, वर्गात अगदी हेच शिकवतात. मन गेलं की रागवायचं नाही, श्वासावर परत आणायचं.

दिंडीत तर सोय केलेलीच आहे. एकाचा टाळ चुकला की मागच्या रांगेलाही कळतं. अभंगाचं चरण लांबवलं की श्वास आपोआप सावकाश सुटतो. पण पाय चालतात, तोंड गातं, आणि मन घरच्या म्हशीपाशी, हेही होतंच की नाही? हसू नका, आमचंही होतं.

थोरला उद्या सुट्टी टाकून सासवडपर्यंत येतोय. सगळ्यात लांबचा टप्पा, मधे दिवे घाट. तो आमच्या शेजारी चालणार आहे, म्हणजे आमच्यावर लक्ष राहील!

चला, उठा, टाळ घ्या. आमचा मोबाईल आम्ही ट्रकमध्ये ठेवून आलोय.