निबंधाआधी परीक्षक

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. त्यानिमित्तानं शाळा, वाचनालयं, मंडळं निबंध स्पर्धा घेतात. विषय ठरतो, बक्षिसं ठरतात, पाहुणेही ठरतात. परीक्षकांची आठवण मात्र शेवटी होते आणि निबंधांचा गठ्ठा कुणाच्या तरी गळ्यात पडतो.

समजा, एका निबंधात छान ओघवत्या भाषेत लिहिलंय : ‘आजीचं ताट-वाटी वेगळं ठेवलं, म्हणून आम्ही वाचलो.’ भाषेचे शिक्षक खुशीनं दहापैकी नऊ गुण देतील. पण फुप्फुसाचा क्षय हवेतून पसरतो, खोकल्यातून, शिंकेतून, ताटवाटीतून नाही. हा निबंध पहिला येऊन फळ्यावर लागला, तर आणखी कुठल्या तरी घरात आजारी माणसाचं ताट वेगळं होईल. उलट, जंतूच्या लॅटिन नावानं सुरू होणारा निबंध डॉक्टरांना बिनचूक वाटेल, पण वाडीवर आरोग्याचं काम करणारी आशाताई विचारेल, ‘हे आमच्याकडं वाचणार कोण?’

म्हणून परीक्षक तीन हवेत : क्षयरोगाची जाण असलेले डॉक्टर, भाषेची जाण असलेली व्यक्ती, आणि आशाताई किंवा उपचार पूर्ण केलेली, स्वखुशीनं येणारी व्यक्ती. डॉक्टरांना एक जादा अधिकार द्या. वाचणाऱ्याचं नुकसान होईल अशी चूक असेल, तर तो निबंध बक्षिसातून बाद. उदाहरणार्थ, ‘खोकला थांबला की गोळ्या बंद करा’ असा सल्ला.

आता निःपक्षपातीपणा. ज्यांचा मुलगा, भाची किंवा विद्यार्थी स्पर्धेत आहे, त्यांनी परीक्षक होऊ नये. तसं आधीच लेखी घ्या. बक्षिसाचे पैसे देणाऱ्यालाही परीक्षकाची खुर्ची नको. निबंधावर नाव, शाळा काही नको, फक्त क्रमांक; आणि क्रमांकांची यादी तपासणीत नसलेल्या माणसाकडं. अक्षर ओळखू येतं, म्हणून जमेल तिथं निबंध टाइप करून द्या. गठ्ठ्याचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा लावा, नाहीतर तळाचे निबंध तिघंही थकल्यावरच वाचतील.

गुणांची बेरीजही फसवते. एक परीक्षक सगळ्यांना सात ते नऊच्या दरम्यान गुण देतो, दुसरा दोनपासून नऊपर्यंत. बेरीज केली, तर निकाल दुसऱ्याच्याच हातात जातो. त्यापेक्षा प्रत्येकानं आपापले पहिले दहा निबंध क्रमानं लावावेत, एकमेकांना न विचारता. मग तिघांनी एकत्र बसून मतभेद असलेल्या निबंधांवर बोलावं आणि निर्णयाचं कारण दोन ओळींत लिहून ठेवावं. हरलेल्या मुलानं विचारलं, तर दाखवायला काहीतरी हवं.

हे सगळं ऐनवेळी जमत नाही. तेव्हा यंदा परीक्षकांचा लेखी होकार आणि गुणांचे निकष हाती आल्याशिवाय स्पर्धेचं पत्रक छापायला टाकू नका.