शाईनं झाकलेली पानं

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

१९४५ सालच्या शरद ऋतूत जपानमधल्या शाळांत एक वेगळाच तास होत असे. मुलांनी दौत, ब्रश आणि पाठ्यपुस्तक घेऊन बसायचं. गुरुजी सांगत, अमुक पान काढा, तिसऱ्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत काळं करा. मुलं ब्रश बुडवून ओळी झाकत. सैन्याची थोरवी, सम्राटासाठी मरण्याची शपथ, शत्रूची निंदा हे सगळं जायचं होतं. नवी पुस्तकं छापायला कागद नव्हता, म्हणून जुन्याच पुस्तकांवर शाई फिरली. काही पानांवर चार-पाच ओळीच उरल्या. आणि हे करायला सांगत होते ते गुरुजी तेच, ज्यांनी त्याच ओळी आदल्या वर्षी पाठ करून घेतल्या होत्या.

मी जपानी भाषा शिकवतो. इतकी वर्षं शिकवून आणि वाचून माझ्या मनात जपानचं जे चित्र राहिलं आहे, त्यात बुलेट ट्रेन नाही, साकुराची फुलं नाहीत. त्यात हा तास आहे. आपण शिकलो ते खोटं होतं, असं दहा वर्षांच्या पोराला एका दुपारी समजतं, तेव्हा त्याचं काय होत असेल? या पिढीतली कितीतरी मुलं पुढं शिकायला गेली ती थेट अमेरिकेत, म्हणजे ज्या देशानं त्यांची गावं जाळली त्याच देशात. ती तिथं काय शिकली आणि परत येऊन काय केलं, हे आज तुम्हांला सांगायचं आहे.

मार्च १९४६ मध्ये सत्तावीस अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचं एक मंडळ जपानला आलं. जॉर्ज स्टॉडर्ड त्याचे प्रमुख होते. जपान तेव्हा पराभूत आणि ताब्यात घेतलेला देश होता. आलेल्या मंडळींनी हुकूम सोडायचा आणि यजमानांनी मान डोलवायची, अशीच परिस्थिती होती. मंडळानं सुचवलं की सक्तीचं शिक्षण सहा वर्षांचं आहे ते नऊ वर्षांचं करा, मुला-मुलींना एकत्र शिकवा, पाठ्यपुस्तकांवरची सरकारची पकड सैल करा. १९४७ पासून जपाननं यातलं पुष्कळ स्वीकारलं. सहा, तीन आणि तीन वर्षांची ती शाळेची रचना आजही तिथं चालू आहे. पण त्याच अहवालात आणखी एक सूचना होती: तुमची कांजी अक्षरं मुलांना फार जड जातात, ती सोडा आणि रोमन लिपी घ्या. ही मात्र जपाननं घेतली नाही. अक्षरांची संख्या कमी केली, काही अक्षरं सोपी केली, पण लिपी आपलीच ठेवली. घर जळलेलं, पोटात अन्न नाही, समोर विजेता उभा, आणि अशा वेळी कुठं हो म्हणायचं आणि कुठं नाही, हे त्यांना समजलं. मुलांनो, देवनागरी सोडा असं कुणी आपल्याला सांगितलं असतं तर काय वाटलं असतं, याचा विचार करून बघा.

मग शिष्यवृत्त्या आल्या. १९४९ ते १९५२ या काळात अमेरिकी सरकारच्या मदतनिधीतून सुमारे हजार जपानी विद्यार्थी अमेरिकेत गेले. १९५२ पासून फुलब्राइट योजनेतून जाऊ लागले. या योजनेचा पैसा आला कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेची युद्धसामग्री जगभर पडून होती. ती विकत घ्यायला त्या त्या देशांकडं डॉलर नव्हते. आर्कान्सॉचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी सुचवलं की पैसे त्या देशांच्या चलनातच घ्या आणि ते विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीवर खर्च करा. १ ऑगस्ट १९४६ रोजी तो कायदा झाला. लढाईच्या शिल्लक मालातून पोरं शिकली.

यातल्या एका मुलाची गोष्ट मी सविस्तर सांगणार आहे.

९ ऑगस्ट १९४५ रोजी ओसामु शिमोमुरा सोळा वर्षांचा होता. नागासाकीजवळच्या इसाहाया गावात, शाळेऐवजी कारखान्यात काम करत होता. आकाशात विमान दिसलं, मग डोळे दिपवणारा लख्ख प्रकाश झाला. काही क्षण त्याला काहीच दिसेना. संध्याकाळी घरी जाताना काळा पाऊस लागला आणि अंगातला पांढरा सदरा करडा झाला. घरी पोचताच आजीनं त्याला आंघोळ घातली. त्या आंघोळीनंच मी वाचलो असेन, असं त्यांनी पुढं म्हातारपणी लिहिलं.

युद्धानंतर दोनेक वर्षं त्याला कुठल्याच महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही. शेवटी बॉम्बनं उद्ध्वस्त झालेलं औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय तात्पुरतं त्याच्या घराजवळ हललं, म्हणून तो तिथं शिकला. विषयाची आवड नव्हती. दारात आलं तेवढंच घेतलं. पुढं नागोया विद्यापीठात त्यानं एका चमकणाऱ्या सागरी जिवातला प्रकाश देणारा पदार्थ स्फटिकरूपात मिळवला. ते काम प्रिन्स्टनच्या फ्रँक जॉन्सन यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी बोलावणं धाडलं. १९६० साली शिमोमुरा फुलब्राइटच्या प्रवासखर्चावर हिकावा मारु या जहाजानं निघाले. हे जहाज युद्धात रुग्णालय म्हणून वापरलेलं होतं. आज ते योकोहामाच्या बंदरात, यामाशिता बागेसमोर कायमचं नांगरून ठेवलं आहे. मी त्याच्या डेकवर उभा राहिलो आहे. समोर नुसतं पाणी दिसतं. चाळीस वर्षं शिकवलेले धडे त्या कठड्यापाशी मला पहिल्यांदा खरे वाटले.

१९६१ च्या उन्हाळ्यात जॉन्सन आणि शिमोमुरा गाडीनं अमेरिका आडवी ओलांडून पश्चिम किनाऱ्याजवळच्या फ्रायडे हार्बरला पोचले. तिथं धक्क्याला लागून जेलीफिश तरंगत येत. जाळीनं त्या उचलायच्या, घुमटाची कड कात्रीनं कापायची, कारण प्रकाश देणारे अवयव त्या कडेवरच असतात, आणि त्या कडा कापडातून पिळायच्या. येणारा रस मंद उजळे आणि विझून जाई. त्यातून प्रकाशाचं द्रव्य वेगळं निघेना. सगळ्या ज्ञात पद्धती फसल्या. शिमोमुरांना वाटलं की आपली मूळ धारणाच चुकते आहे. जॉन्सनना ते पटलं नाही. मग एकाच टेबलाच्या एका बाजूला यजमान प्राध्यापक जुन्या पद्धतीनं काम करत राहिले आणि दुसऱ्या बाजूला नुकताच आलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा जपानी पाहुणा आपल्या पद्धतीनं. फार अवघड परिस्थिती होती, असं शिमोमुरा स्वतःच सांगत. काही सुचेना तेव्हा ते वल्ह्याची नाव घेऊन पाण्यात जात आणि तरंगत विचार करत बसत.

एके दिवशी तिथंच सुचलं की रस आम्ल केला तर प्रकाश थांबेल आणि द्रव्य शिल्लक राहील. करून पाहिलं, थांबला. पुन्हा आम्लता घालवली तर थोडा प्रकाश आला. काम झालं म्हणून उरलेला रस त्यांनी मोरीत ओतला आणि मोरी निळ्या प्रकाशानं झगझगून गेली. जलजीवांच्या टाकीतलं समुद्राचं पाणी वाहून त्या मोरीत येत होतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं. कॅल्शियमनं हा प्रकाश पेटतो, हे त्यांनी ओळखलं. त्या उन्हाळ्यात सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केल्या. याच कामात एक हिरवं चमकणारं प्रथिनही हाती लागलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत पेशीत काय चाललं आहे हे त्याच हिरव्या प्रथिनानं बघतात. २००८ साली त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला इथं त्या टेबलाबद्दल बोलायचं आहे. पाहुण्यानं यजमानाचं ऐकलं नाही, आणि यजमानानं पाहुण्याला हाकललं नाही. खर्च त्यांचा, जागा त्यांची, गाडी त्यांची, आणि तरीही टेबलाची एक बाजू त्याची. शिष्यवृत्ती देण्याघेण्याचं सगळं मर्म माझ्या लेखी त्या टेबलावर आहे.

कारण दुसऱ्या तऱ्हेनंही हे होऊ शकलं असतं, आणि काही ठिकाणी झालंही. जपान ताब्यात असताना अमेरिकी सैन्यानं देशभर तेवीस वाचनालयं उघडली, कुणीही आत जाऊन कपाटातलं पुस्तक हातात घ्यावं अशी. ज्या देशात पुस्तकं बंद कपाटात असत, तिथं हे मोठंच काम होतं. पण त्याच प्रशासनानं वर्तमानपत्रांना हिरोशिमा-नागासाकीबद्दल मोकळेपणानं लिहू दिलं नाही. एका हातानं पुस्तकं उघडली आणि दुसऱ्या हातानं पुन्हा ओळी झाकल्या. हेही तुम्हांला माहीत असलं पाहिजे. आणि ओकिनावा तर १९७२ पर्यंत अमेरिकेच्याच ताब्यात होतं.

ओकिनावाचे मासाहिदे ओता १९४५ मध्ये अध्यापक विद्यालयात शिकत होते. तिथल्या मुलांना विद्यार्थी तुकडीत भरती करून लढाईत ढकललं गेलं. त्यांचे कित्येक सोबती मेले, ओता वाचले. पुढं ते अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात पत्रकारिता शिकले आणि प्राध्यापक झाले. १९९० ते १९९८ या काळात ते ओकिनावाचे गव्हर्नर होते. १९९५ मध्ये अमेरिकी लष्करी तळांसाठी जमिनीचे भाडेकरार पुढं चालू ठेवायला जमीनमालकांच्या वतीनं त्यांची सही हवी होती. ओतांनी सही नाकारली. अमेरिकेत शिकलेल्या माणसानं अमेरिकेच्या तळांना आणि टोकियोच्या सरकारला, दोघांनाही नाही म्हटलं. कुणी याला कृतघ्नपणा म्हणेल. मी म्हणत नाही. त्याच वर्षी, २३ जूनला, त्यांनी माबुनीच्या कड्याजवळ काळ्या दगडांच्या भिंती उभ्या केल्या. त्यांवर ओकिनावाच्या लढाईत मेलेल्यांची नावं कोरली आहेत. ओकिनावाची माणसं, जपानी सैनिक, कोरियातून आणलेले मजूर, आणि त्याच भिंतींच्या रांगेत चौदा हजारांवर अमेरिकी सैनिक. एकूण नावं दोन लाख चाळीस हजारांच्या वर आहेत. तळांना नकार देणारा हात आणि शत्रूच्या मुलांची नावं कोरून घेणारा हात एकच होता.

कादंबरीकार माकोतो ओदा हे १९५८ साली फुलब्राइटवर हार्वर्डला गेले. परतीच्या वाटेवर खिशात जवळजवळ काही नसताना युरोप आणि आशियातून, आपल्या भारतातूनही, फिरत फिरत घरी पोचले. १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जपानमध्ये नागरिकांची चळवळ उभी राहिली, तिच्या अग्रभागी ते होते. आणि त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये त्या युद्धाबद्दल आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला जाब विचारत होते ते सिनेटर फुलब्राइट, ज्यांच्या नावाची शिष्यवृत्ती ओदांनी घेतली होती.

आपणही या व्यवहारात आहोत. भारताचा फुलब्राइट करार २ फेब्रुवारी १९५० चा, म्हणजे प्रजासत्ताक होऊन जेमतेम एक आठवडा झाला होता. १९७९ पासून जपान खर्चाचा वाटा उचलू लागला; २००८ पासून भारतही बरोबरीनं उचलतो. आणि पुण्यातल्या मुलांनो, सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तुम्ही फिरता. ती बाग ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवली आहे. जून १९४५ च्या अमेरिकी हवाई हल्ल्यात ओकायामाचा किल्ला जळाला. १९५० मध्ये त्याच शहरात मिशिगन विद्यापीठाचे अध्यापक येऊन राहिले आणि जवळच्या नीइके नावाच्या छोट्या खेड्यात भात कसा लावतात, सण कसे होतात, घराची वाटणी कशी होते, हे वर्षानुवर्षं विचारत बसले. जाळलेल्या मुलखाला समजून घ्यायला आलेली ती माणसं होती. पुढच्या वेळी त्या बागेत जाल तेव्हा हे आठवा.

शेवटी एक माणूस राहिला. डॉनल्ड कीन. १९४० साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये अठरा वर्षांच्या कीननं एकोणपन्नास सेंटला ‘गेंजी’ या जुन्या जपानी कादंबरीचं इंग्रजी भाषांतर घेतलं, पुस्तक जाड आणि स्वस्त होतं म्हणून. दोन वर्षांत तो नौदलात जपानी शिकत होता. युद्धात त्याला काम मिळालं ते मेलेल्या जपानी सैनिकांच्या रोजनिश्या वाचण्याचं. वाळलेल्या रक्ताचा वास असलेल्या वह्या होत्या त्या. काहींच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत लिहिलेलं असे: युद्ध संपल्यावर ही वही माझ्या घरच्यांना पोचवा. कीननं अशा वह्या नियम मोडून आपल्या खणात ठेवल्या. त्या पोचवायच्याच असं त्यानं ठरवलं होतं. वरिष्ठांनी टेबल तपासलं आणि त्या घेऊन गेले. त्या घरी पोचल्या नाहीत.

१९५३ मध्ये कीन क्योतोला शिकायला गेले. नंतर पन्नासहून अधिक वर्षं कोलंबिया विद्यापीठात जपानी साहित्य शिकवलं, भाषांतरं केली, इतिहास लिहिला. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, परदेशी माणसं जपान सोडून निघाली, आणि त्यांनी जाहीर केलं की मी कायमचा राहायला येतो. २०१२ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, ते जपानचे नागरिक झाले. तिथल्या रीतीप्रमाणे आडनाव आधी लावून त्यांनी आपलं नाव नोंदवलं: कीन दोनारुदो.

आता तुमची नावं पुकारली जातील. मला ती ऐकायची आहेत, म्हणून मी बसतो.