हाडावाटे श्रवण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जठारपेठ, अकोला येथे केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर फळ्याजवळ उभे राहिलेले शिक्षक आहोत. तथापि कानाचा विषय शिक्षकास परका नाही. हाक मारली असता जो मुलगा वळून पाहत नाही, त्यास ‘ढ’ ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यांपैकी कित्येकांची बुद्धी शाबूत असते. अधू असतो तो कान.

दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबून बोलून पाहावे. स्वतःचा आवाज तरीही ऐकू येतो, कारण तो कवटीच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोहोचतो. डॉक्टर नादकाटा कानामागील हाडावर टेकवितात तो याचसाठी. हवेपेक्षा हाडातून अधिक ऐकू आले, तर दोष बहुधा बाहेरच्या वा मधल्या कानाचा असतो.

नेहमीचे श्रवणयंत्र आवाज वाढवून कानाच्या भोकात सोडते. वार्धक्यातील बहिरेपणास बहुधा तेच योग्य. परंतु ज्याचा कान वर्षानुवर्षे वाहतो, त्याच्या कानात बोंडी बसविली की स्राव आणखी बळावतो. आणि ज्या बालकाच्या कानास जन्मतः छिद्रच नाही, त्याने यंत्र बसवावे कोठे?

याचे उत्तर स्वीडनमध्ये सापडले. १९५२ च्या सुमारास ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण काढता येईना; हाड त्या धातूशी एकजीव झाले होते. या शोधावर प्रथम, १९६५ मध्ये, माणसास कृत्रिम दात बसविण्यात आले. पुढे १९७७ मध्ये गोटेनबर्ग येथे शेलस्ट्रम यांनी कानामागील हाडात असाच लहानसा स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र जोडले. यंत्राची कंपने हाडातून थेट आतल्या कानास मिळतात. कानाचे भोक मोकळे राहते. एकच कान पूर्ण बहिरा असला, तर त्या बाजूचा आवाज कवटीतून चांगल्या कानाकडे नेता येतो. अलीकडे त्वचेखाली लोहचुंबक ठेवण्याचीही पद्धत निघाली आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आतला कानच फार निकामी असेल तर याचा उपयोग नाही. त्वचेबाहेर आलेल्या स्क्रूभोवती स्वच्छता न राखल्यास तेथे सूज येते. खर्च तर लाखांच्या घरात जातो.

मातापित्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानी धरावी. लहान मुलांचे हाड पातळ असल्याने साधारण पाच वर्षांपर्यंत स्क्रू बसवीत नाहीत. तेच यंत्र मऊ पट्ट्याने डोक्यास बांधतात. शस्त्रक्रिया लागत नाही. दोन्ही कान बंद असलेल्या बालकास हे पहिल्या वर्षातच मिळावे, कारण भाषा त्याच वयात कानावाटे येते. आपल्या घरांतून असे मूल, विशेषतः मुलगी असल्यास, पाहुण्यांपासून दूर ठेवले जाते. पुढे लग्न कसे जमेल ही चिंता! केसांखाली कान झाकतो, पण न शिकलेली बोली कशाने झाकणार? कानात कोमट तेल ओतीत बसण्यापेक्षा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागास दाखवावे. मुंबईस वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामास वाहिलेली आहे.

आपले मंडळ गुणवंतांस दरवर्षी पारितोषिके देते. त्या निधीतील काही भाग ज्ञातीतील मुलांच्या श्रवणतपासणीस व अशा पट्ट्याच्या यंत्रांस मिळावा, असा लेखी ठराव आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. त्यास अनुमोदक हवा आहे.