रक्ताचा कर्करोग: मधेच उपचार सोडू नका

(हैदराबाद येथील मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले व्याख्यान)



‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द कानी पडला की आजही घर गप्प होतं. एके काळी ते साहजिकच होतं. १८४७ साली जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरशो यांनी या रोगाला ‘ल्युकेमिया’, म्हणजे ‘पांढरं रक्त’, हे नाव दिलं. पुढची शंभर वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली निदान होई, पण मूल वाचवणारं औषध नव्हतं.

त्या औषधाची वाट आपल्या मुंबईतून गेली. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या. गिरणीकामगार गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्कानं बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातलं जीवनसत्त्व म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. पुढे अमेरिकेत ते कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना दिसलं, की या जीवनसत्त्वानं मुलांचा ल्युकेमिया उलट बळावतो. मग त्याचीच वाट अडवली तर? सुब्बारावांच्या पथकानं तसं औषध दिलं: अ‍ॅमिनोप्टेरिन. १९४८ साली फार्बर यांनी सोळा मुलांची हकिकत छापली. त्यांतल्या दहांना उतार पडला होता.

पण तो उतार तात्पुरता होता. रोग पुन्हा उलटला. तपासणीत न दिसणाऱ्या पेशी शिल्लक राहतात, हा धडा त्यातून मिळाला. म्हणून १९६०च्या दशकात अनेक औषधं एकत्र, दीर्घकाळ देण्याची पद्धत आली. आज मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया चांगल्या केंद्रांत बहुतेक वेळा बरा होतो. मात्र उपचार दोन ते तीन वर्षं चालतात.

आम्हा डॉक्टरांना खरी धास्ती असते ती इथेच. महिन्या-दोन महिन्यांत पोर खेळू लागतं. ‘आता कशाला त्या सुया?’ म्हणत घरचे येणं थांबवतात. कधी पैसे संपलेले असतात, कधी गाव लांब असतं.

म्हणून दोन विनंत्या. न हटणारा ताप, फिकटपणा, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडांचं दुखणं असेल, तर रक्ततपासणी लगेच करा. आणि ओळखीत असं मूल असेल, तर नुसती हळहळ नको. प्लेटलेट्स द्या, राहायला एक खोली द्या, तारखेला गाडी काढा. उपचार पुरे होणं हेच त्या मुलाचं औषध आहे.

गणपती बाप्पा मोरया!