करवतीलाही पत्ता हवा

(दिल्ली परिसरातील मराठी रेल्वे व डाक कामगारांपुढे केलेले भाषण)



आज मी महागाई भत्त्यावर किंवा रिक्त जागांवर बोलणार नाही. सुतारी विभागातल्या एका करवतीबद्दल बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण आपल्या हातापायांशी त्याचा संबंध आहे.

ट्रॅक सॉ म्हटले की आपल्या गँगमनला रूळ कापायचे यंत्र आठवेल. ही ती नव्हे. ही प्लाय कापायची विजेची गोल करवत. ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून ती गाडी रुळावरून धावावी तशी सरकते. पट्टी बहुधा 1400 मिलिमीटरची, आणि प्लायची शीट आठ फूट म्हणजे सुमारे 2440 मिलिमीटरची. म्हणून दोन पट्ट्या जोडाव्या लागतात. काम झाल्यावर हे सगळे ठेवायचे कुठे?

मी ज्या वर्कशॉपमध्ये होतो, तिथे पट्ट्या भिंतीला टेकलेल्या, करवत जमिनीवर आणि वायर वाटेत असे. एका हेल्परचा पाय वायरीत अडकला, तो पडला आणि त्याचे मनगट मोडले. चौकशीत शेरा आला, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. आम्ही त्याआधी दोनदा रॅकसाठी लेखी अर्ज दिला होता. पोचेची सही असलेली प्रत पुढे ठेवली, तेव्हा तो शेरा मागे घ्यावा लागला. तोंडी मागणी केली असती तर दोष त्या गरिबाच्याच माथी बसला असता.

कारखान्यातल्या वाटा अडथळ्यांपासून मोकळ्या ठेवा, असे 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या 32 व्या कलमानेच सांगितले होते. म्हणजे रॅक मागणे हे लाड मागणे नव्हे.

डाक विभागातले बंधू इथे आहेत. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला. तो देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे जाणकार. पहिला आकडा विभाग सांगतो, शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात. सॉर्टर डोळे न वळवता पत्र बरोबर खणात टाकतो, कारण प्रत्येक खण ठरलेला असतो. करवतीलाही असाच पत्ता द्या : कोणती भिंत, कोणते रॅक, कोणता कप्पा.

आता प्रत्यक्ष कसे करावे ते सांगतो. करवत जड असते, म्हणून तिचा कप्पा कमरेच्या उंचीवर, कामाच्या टेबलाजवळ असावा. खाली वाकून किंवा डोक्यावरून ती उचलायला लागू नये. ठेवण्याआधी प्लग काढा, पाते आत गेले आहे ना ते पाहा. वायर सैल गुंडाळा. करकचून आवळली तर आतली तार तुटते. पट्टी भिंतीला तिरकी टेकून ठेवू नका, ती वाकते. मग काप सरळ येत नाही. टोकाच्या भोकातून खुंटीला उभी टांगा, किंवा पूर्ण आधारावर सपाट ठेवा. कडेची रबरी पट्टी कशावर घासू देऊ नका. पाते बदलायची चावी, जोडपट्ट्या आणि जादा पाती त्याच कप्प्यात असू द्या. दिल्लीत उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात दमट हवा, म्हणून भुसा झाडून वर कापड टाका. आणि कप्प्यावर रंगाने नाव लिहा, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या माणसाला विचारत फिरावे लागणार नाही.

एवढ्याने चार खुंट्या आणि एका फळीचा खर्च येतो. तो प्रशासनाने करायचा. वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त आपण पाळायची. दोन्ही बाजू आपण सांभाळल्या तर बोट दाखवायला कोणाला जागा उरणार नाही.

शाखेच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला माझी विनंती आहे. उद्या आपापल्या विभागात एक फेरी मारा, जमिनीवर पडलेली हत्यारे मोजा, अर्ज लिहा आणि पोच घ्या. मनगट मोडल्यावर लिहिलेला अर्ज उशिराचा असतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!