अग्निबाण, मोसमी पाऊस आणि विद्यापीठ : डॉ. वसंत गोवारीकर
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



येलहंक्यात लहानाचे मोठे झालेल्या मुलांना विमानांच्या आवाजाचे नावीन्य नसते. 1996 पासून येथील हवाई तळावर ‘एअरो इंडिया’ भरते. रेल्वेची चाके घडविणारा कारखाना येथेच. ‘इस्रो’चे मुख्यालयही याच शहरात. इंजिनिअर होणे ही येथे घरोघरी बोलली जाणारी आकांक्षा आहे. परंतु इंजिनिअर झाल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे एक उत्तर डॉ. वसंत गोवारीकर यांच्या कारकिर्दीत सापडते.

25 मार्च 1933 रोजी पुण्यात जन्मलेल्या गोवारीकरांनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. मिळविली. हार्वेल येथील अणुऊर्जा संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी त्यांचे बस्तान चांगले बसले होते. तरीही विक्रम साराभाईंच्या निमंत्रणावरून 1967 मध्ये ते थुंब्याला आले. त्या वेळचे थुंबा म्हणजे त्रिवेंद्रमजवळचे कोळ्यांचे गाव. तेथील एका जुन्या चर्चच्या इमारतीत अग्निबाणांची जुळणी चाले. हार्वेल सोडून तेथे येण्याचा निर्णय आज जितका सहज वाटतो, तितका त्या काळी खचितच नव्हता.

गोवारीकरांचे क्षेत्र होते घन इंधन. हे काम बाहेरून दिसते त्याहून फार नाजूक असते. ऑक्सिजन पुरविणारा अमोनियम परक्लोरेट हा क्षार आणि ॲल्युमिनियमची भुकटी द्रवरूप रबरासारख्या पदार्थात कालवून ते मिश्रण अग्निबाणाच्या कवचात ओततात आणि मंद उष्णतेत मुरू देतात. घट्ट झाल्यावर ते खोडरबरासारखे लागते. त्यात एखादी चीर किंवा हवेचा बुडबुडा राहिला, तर जळणारा पृष्ठभाग अकस्मात वाढतो, आतला दाब कवचाला पेलत नाही आणि अग्निबाण फुटतो. शिवाय द्रव इंधनासारखी याची तोटी बंद करता येत नाही. एकदा पेटले की पेटले. थुंब्यात या विषयावर झटणारे गोवारीकर एकटे नव्हते; परंतु रसायने व बहुवारिके यांची बाजू त्यांनी ज्या जिद्दीने उभी केली, तिचे मोल मोठे आहे. चारही टप्पे घन इंधनावर चालणाऱ्या ‘एसएलव्ही-3’चे पहिले उड्डाण 10 ऑगस्ट 1979 रोजी बंगालच्या उपसागरात कोसळले. 18 जुलै 1980 रोजी दुसऱ्या उड्डाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते.

1986 मध्ये ते केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. त्यांच्याच कार्यकाळात, 28 फेब्रुवारी 1987 पासून, राष्ट्रीय विज्ञान दिन सुरू झाला. हवामान खातेही त्या काळी याच विभागाच्या अखत्यारीत होते. 1987 च्या भीषण दुष्काळाने देश होरपळला आणि गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोसमी पावसाच्या दीर्घकालीन अंदाजाचे नवे प्रारूप पुढे आणले. त्यात सोळा घटक होते : हिमालयावरील बर्फ, एल निनो, अर्जेंटिनातील आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील हवेचा दाब, असे पृथ्वीभर विखुरलेले. डार्विनमधील वायुभारमापकाचा आणि मराठवाड्यातील पेरणीचा काही संबंध असू शकतो, ही कल्पनाच सामान्य माणसाला चकित करणारी होती.

1988 पासून हवामान खाते या प्रारूपानुसार अंदाज देऊ लागले. अंदाज खरे ठरत गेले, कौतुकही झाले. मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. 1988 ते 2001 या चौदा वर्षांत देशव्यापी दुष्काळ एकदाही पडला नाही. ‘पाऊस सामान्य राहील’ एवढेच म्हणणारा कोणीही त्या काळात बव्हंशी बरोबर ठरला असता. खरी कसोटी 2002 मध्ये लागली. अंदाज होता सरासरीच्या 101 टक्क्यांचा. प्रत्यक्षात पाऊस पडला 81 टक्के आणि ऐन जुलै महिना जवळजवळ निम्मा कोरडा गेला. त्या अंदाजावर विसंबून ज्यांनी बियाणे मातीत घातले, त्यांचे नुकसान कोणत्याही शोधनिबंधाने भरून येणारे नव्हते. पुढच्याच वर्षी खात्याने सोळा घटकांचे प्रारूप बाजूला ठेवून नवी प्रारूपे स्वीकारली. म्हणून गोवारीकरांचे काम वाया गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आकडा जाहीर केला होता म्हणूनच तो ताडून पाहता आला आणि कोठे चुकले याचा शोध घेता आला. मोघम बोलणाऱ्या भविष्यवेत्त्याला ही अडचण कधीच येत नाही.

पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार म्हणून काम केल्यानंतर 1995 मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे पद 1998 पर्यंत त्यांच्याकडे होते. 1994 चा नवा विद्यापीठ कायदा नुकताच लागू झाला होता आणि पुणे, नाशिक व अहमदनगर या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये विद्यापीठाच्या कक्षेत होती. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला अधिसभा, परीक्षांचे निकाल आणि संलग्नतेच्या फायली हे जग परकेच. परंतु याच वर्षांत ते मराठी विज्ञान परिषदेचेही अध्यक्ष होते, ही बाब आपल्यासारख्या मराठी माध्यमाच्या शाळेने विशेष लक्षात घ्यावी. अग्निबाणाचे इंधन जाणणाऱ्या आणि विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या या माणसाला मराठीतून विज्ञान सांगणे हे फावल्या वेळचे काम वाटले नाही. मातृभाषेत शिकून मुलाचे पुढे कसे होणार, अशी चिंता करणाऱ्या पालकांना याहून अधिक काय सांगावे?

निवृत्तीनंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. पंचाहत्तरीच्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह खतांचा इंग्रजी विश्वकोश सिद्ध केला. त्याच्या लेखकांत त्यांच्या पत्नी सुधा गोवारीकर यांचेही नाव आहे. 2008 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 2 जानेवारी 2015 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. येथून जवळच असलेल्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी तो विश्वकोश ग्रंथालयात अवश्य शोधावा.